हात मागे ठेवण्याची विद्या

जुलैमध्ये ठाण्यात पाऊस सलग कोसळू लागला, की आमच्या मेडिसिनच्या वॉर्डात दोन खाटांमधल्या जागेतही गाद्या अंथराव्या लागतात. मलेरिया, डेंगी, लेप्टो, कावीळ आणि मधूनच शहापूर-मुरबाडच्या बाजूने आलेला एखादा सर्पदंश, अशी रुग्णांची रीघ लागते. अशाच एका दुपारी मी वॉर्डाच्या दारात उभी होते. बाराव्या खाटेभोवती तिसऱ्या वर्षाचे आठ विद्यार्थी जमले होते आणि महिनाभरापूर्वी आमच्या विभागात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालेला एक तरुण डॉक्टर त्यांना पाणथरी, म्हणजे प्लीहा, तपासायला शिकवत होता. रुग्ण भिवंडीच्या गोदामात हमाली करणारा, आठवडाभराच्या थंडीतापाने खंगलेला. एका विद्यार्थिनीने त्याच्या पोटावर बोटे ठेवली, थोडी दाबली, थांबली, पुन्हा दाबली. दहा सेकंदही झाले नसतील, तोच शिक्षकाने तिचा हात हळूच बाजूला केला, तिथे स्वतःचा ठेवला आणि म्हणाला, "ही बघा, इथे आहे. कळले?" आठही माना हलल्या. त्या मुलीचीही हलली. तिच्या बोटांना काहीही लागलेले नव्हते, हे मला दारातून दिसत होते.

हा तरुण मनाने अतिशय सज्जन आहे आणि त्याचे निदान सहसा चुकत नाही. त्याने तो हात रागाने बाजूला केला नव्हता; मुलगी अडखळते आहे, रुग्ण दमलेला आहे, आणखी सात जण रांगेत आहेत, तेव्हा तिला मदत करावी, एवढाच त्याचा हेतू होता. नव्या वैद्यकीय शिक्षकांना घडवण्याच्या कामात मी इतकी वर्षे घालवली त्यात सर्वांत अवघड मला हेच वाटत आले आहे, की ही मदतच शिकण्याच्या आड येते आणि करणाऱ्याला ते कळत नाही.

पाणथरी तपासण्याची रीत मुळातच संयमाची आहे. हात उजवीकडे खाली, ओटीपोटापासून सुरू करून तिरका डाव्या बरगड्यांकडे न्यायचा, कारण पाणथरी वाढते ती त्याच दिशेने खाली उतरत. वरच्या बाजूनेच सुरुवात केली, तर फार वाढलेली पाणथरी थेट हाताखाली असूनही तिची कडा न सापडल्यामुळे सुटून जाते. नेहमीच्या आकाराच्या दोन-तीन पट झाल्याशिवाय ती सहसा हाताला लागत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे बोटांनी तिच्या मागे धावायचे नसते. रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगायचे आणि बोटे स्थिर ठेवायची. श्वास आत जाताना श्वासपटल खाली येते, त्याबरोबर पाणथरी खाली सरकते आणि थांबलेल्या बोटांवर येऊन टेकते. ती टेकण्याची जाणीव एकदा झाली, की आयुष्यभर विसरत नाही. पण ती दुसऱ्याच्या बोटांतून उसनी घेता येत नाही. त्या मुलीला आणखी दोन श्वास मिळायला हवे होते.

दोन श्वास थांबणे त्या शिक्षकाला का जमले नाही, याचा विचार करताना त्याची मागची चार वर्षे डोळ्यांसमोर आणावी लागतात. एम.डी.ची तीन वर्षे आणि त्यानंतर सिनिअर रेसिडेंट म्हणून किमान एक वर्ष पूर्ण केले, की डॉक्टर सहायक प्राध्यापक होण्यास पात्र ठरतो. या चार वर्षांत त्याची सारी प्रशंसा होते ती वेगाबद्दल. इमर्जन्सीच्या दिवशी चाळीस रुग्ण भरती होत असताना जो स्वतः सुई टोचतो, स्वतः नळी टाकतो, ज्युनिअरच्या हातून काम काढून घेऊन दोन मिनिटांत उरकतो, तो उत्तम रेसिडेंट. सकाळच्या राउंडला सर त्याचेच नाव घेतात. मग एके दिवशी त्याच्या हाती नेमणुकीचे पत्र पडते, त्याच्या नावापुढे 'सर' लागते आणि त्याच वॉर्डात, त्याच खाटेपाशी, नेमकी तीच सवय सोडण्याची वेळ येते. त्याला हे कोणी सांगत नाही. ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतो, हे गृहीतक आपल्या महाविद्यालयांत इतके मुरलेले आहे, की त्याविषयी कोणी बोलतही नाही.

आपल्या नियमांनी या उणिवेची दखल घेतली नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २००९पासून प्रादेशिक केंद्रांमार्फत शिक्षकांच्या कार्यशाळा पद्धतशीरपणे सुरू केल्या. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात २००५मध्ये वैद्यकीय शिक्षणाची दोन वर्षांची फेलोशिप सुरू झाली, तिच्यात प्रत्येक शिक्षकाला आपल्या संस्थेत एक प्रकल्प राबवून दाखवावा लागे. २०१९च्या एम.बी.बी.एस. तुकडीपासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला. त्यानंतरच्याच वर्षी, सप्टेंबर २०२०मध्ये, परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. शिक्षकांसाठीचा शिक्षणतंत्राचा मूलभूत अभ्यासक्रमही पदोन्नतीसाठी आवश्यक ठरला. नव्या अभ्यासक्रमाने पदवीधर डॉक्टराच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत: रुग्णाची काळजी घेणारा चिकित्सक, आरोग्यसंघाचा नेता आणि सदस्य, संवाद साधणारा, आयुष्यभर शिकत राहणारा आणि व्यवसायाशी इमान राखणारा. यातल्या दुसऱ्या भूमिकेपाशी मी दरवेळी थांबते. विद्यार्थ्याला नेता आणि सदस्य या दोन्ही गोष्टी एकाच दमात व्हायला सांगितले आहे आणि ते योग्यच आहे. पण ज्या तरुण शिक्षकाने ते त्याच्यात रुजवायचे, त्याला स्वतःला ते कुठे पाहायला मिळाले?

त्या मूलभूत अभ्यासक्रमाच्या तीन दिवसांच्या कार्यशाळेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मायक्रोटीचिंगचा भाग. १९६०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात शालेय शिक्षकांसाठी ही पद्धत तयार झाली. पाच-सात मिनिटांचा एक छोटा पाठ, समोर सहकारीच विद्यार्थी होऊन बसलेले, पाठानंतर लगेच अभिप्राय आणि तोच पाठ सुधारून पुन्हा. दोन वर्षांपूर्वी बायोकेमिस्ट्रीच्या एका तरुण मॅडमनी नवजात बाळाच्या काविळीवर पाठ घेतला. तयारी उत्तम, फळ्यावरची आकृती सुबक. मध्येच त्यांनी विचारले, "बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवल्याने कावीळ का उतरते?" आणि समोरचे चेहरे वर उठायच्या आत त्यांनी स्वतःच उत्तर सांगून टाकले. एका सहकाऱ्याने मोबाइलवर केलेले चित्रण आम्ही त्यांना दाखवले. प्रश्न आणि उत्तर यांच्यात एक सेकंदही गेला नव्हता. त्या कितीतरी वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. "मला वाटत होते, मी बराच वेळ वाट पाहिली," एवढेच त्या म्हणाल्या.

हे त्यांचे एकटीचे नाही. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांतील असंख्य ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा तिला आढळले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. ती वेळ तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून थोडी अधिक वाढवली, तर मुलांची उत्तरे लांबतात, गप्प बसणारी मुले बोलू लागतात आणि मुले स्वतःहून अधिक प्रश्न विचारतात. तीन सेकंद म्हणजे किती कमी! पण वर्गासमोर उभ्या राहिलेल्या नवख्या माणसाला ती शांतता स्वतःच्या अपयशासारखी वाटते. दुसऱ्या दिवशी त्या मॅडमनी तोच पाठ पुन्हा घेतला. प्रश्न विचारला, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर टेकवले आणि त्या थांबल्या. खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग अ‍ॅनाटॉमीचे एक सहकारी चाचरत म्हणाले, "प्रकाशाने बिलिरुबिनच्या रेणूची ठेवण बदलत असेल का?" तसेच होते; ठेवण बदलली, की काविळीचा पिवळेपणा आणणारे हे द्रव्य पाण्यात विरघळण्याजोगे होते आणि यकृताच्या नेहमीच्या प्रक्रियेची वाट न पाहता शरीराबाहेर पडू शकते. उत्तर वर्गातून आले होते. त्या मॅडमचा चेहरा तेव्हा जसा उजळला, तो आठवला की या कामाचा शीण मला जाणवत नाही.

शांततेप्रमाणेच आणखी एका गोष्टीबद्दल मी कार्यशाळेत आग्रहाने बोलते, आणि ते माझ्या स्वतःच्या अनुभवातून. मी निवासी डॉक्टर असताना एका राउंडमध्ये माझ्या केस प्रेझेंटेशनमधील एका चुकीवरून आमच्या एका वरिष्ठांनी केसपेपर माझ्या अंगावर भिरकावला होता आणि रुग्णासमोर, सिस्टरांसमोर, माझ्या घरच्यांचा उद्धार केला होता. त्या काळात हे शिकवण्याचाच भाग मानले जाई. त्यानंतर काही दिवसांनी रात्रीच्या ड्युटीवर धाप लागलेल्या एका तरुण बाईला तपासताना, तिला डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोप हलकेच टेकवल्यावर, मला हृदयाच्या ठोक्यांमध्ये एक मंद घरघर ऐकू आल्यासारखे वाटले. हृदयाची डावी झडप अरुंद झाल्याची ती खूण असू शकते, हे मला माहीत होते. खात्री मात्र नव्हती. सकाळच्या राउंडला मी ते बोलले नाही. दोन दिवसांनी दुसऱ्या कोणाच्या तरी कानांनी ती घरघर पकडली. त्या बाईचे पुढे सगळे नीट झाले. पण दोन दिवस तिला जे औषध मिळायला हवे होते ते माझ्या भीतीमुळे मिळाले नाही. अपमानाने विद्यार्थी कणखर होतो असे म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगते. अपमान झालेला विद्यार्थी शंका सांगायची सोडून देतो आणि त्याची किंमत खाटेवरचा माणूस मोजतो.

मग चूक दाखवायचीच नाही का, असे तरुण शिक्षक विचारतात. दाखवायची, आणि ठामपणे दाखवायची. तिला एक क्रम असतो. १९९२मध्ये अमेरिकेतील काही कौटुंबिक वैद्यकशिक्षकांनी गर्दीच्या दवाखान्यासाठी पाच टप्प्यांची एक पद्धत मांडली, तिला 'वन मिनिट प्रिसेप्टर' म्हणतात. परदेशी पद्धतींविषयी मी सहसा सावध असते. पण ही पद्धत आमच्या ओपीडीसाठीच केल्यासारखी आहे, कारण तिला वेगळी खोली लागत नाही, पडदा लागत नाही आणि वेळही दोन-तीन मिनिटांचाच लागतो. मागच्या सप्टेंबरात एका इंटर्नने डेंगीचा एक रुग्ण आणला. ऐरोलीचा पंचविशीतला रिक्षाचालक, पाचवा दिवस, ताप सकाळीच उतरलेला. आमच्या त्या तरुण सहकाऱ्याने आधी स्वतः काही सांगितले नाही. "तू काय करशील?" असे विचारले. इंटर्न म्हणाला, "घरी पाठवीन, सर. ताप उतरला आहे आणि प्लेटलेट नव्वद हजार आहेत." "असे तुला कशावरून वाटते? आणखी काय पाहिलेस?" तेव्हा हळूहळू बाहेर आले, की पोट दुखते आहे आणि पहाटेपासून तीनदा उलटी झाली आहे. मग त्याने एकच सूत्र सांगितले: डेंगीत ताप उतरतो तो काळ निर्धास्त होण्याचा नसतो, कारण रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा धोका त्याच सुमारास असतो, प्लेटलेटच्या आकड्याकडे पाहताना पोटदुखी, सतत उलट्या आणि वाढता हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) नजरेआड करायचा नाही. नंतर, काय बरोबर केले ते नेमके सांगितले: "उलट्या किती वेळा झाल्या ते तू मोजून विचारलेस, ते फार उपयोगी पडले." आणि शेवटी चूक: "याला घरी पाठवले असते, तर रात्री तो कोसळलेल्या अवस्थेत परत आला असता. आज भरती कर आणि हिमॅटोक्रिट सहा तासांनी पुन्हा पाहा." रुग्ण हे सगळे ऐकत होता. त्याच्यासमोर कोणाचाही पाणउतारा झाला नाही आणि योग्य निर्णय झाला.

'छान' या एका शब्दाला आमच्याकडे अभिप्राय समजतात, ती सवय मात्र अजून गेलेली नाही. काय छान, हे सांगितले नाही तर विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही.

नेतृत्व हा शब्द उच्चारला, की तरुण सहकारी जरा अवघडतात, कारण तो त्यांना विभागप्रमुखांच्या खुर्चीचा गुण वाटतो. सहायक प्राध्यापकाचे नेतृत्व सुरू होते ते ड्युटीच्या यादीपासून. ठाण्यात गणपतीच्या दिवसांतली यादी करणे म्हणजे कसोटी असते. निम्म्या रेसिडेंटांना कोकणात जायचे असते, उरलेल्यांपैकी काहींच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो आणि नेमके त्याच आठवड्यांत तापाचे रुग्ण सर्वाधिक असतात. आमच्या त्या सहकाऱ्याने पहिल्या वर्षी ही यादी रात्री एकट्याने तयार केली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. पहाटेपर्यंत सगळे युनिट दुखावलेले होते. मी ती यादी दहा मिनिटांत नीट करू शकले असते. इतक्या वर्षांच्या सवयीने कोणाला काय चालेल ते मला ठाऊक होते. मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. संध्याकाळी तो माझ्याकडे आला, तेव्हा मी त्याला एवढेच विचारले, की ज्यांची यादी आहे त्यांच्याशी तो बोलला आहे का. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना ड्युटीरूममध्ये एकत्र बसवले, कागद मध्ये ठेवला आणि विसर्जनाची रात्र सर्वांत आधी स्वतःच्या नावावर लिहिली. बिहारच्या एका रेसिडेंटने छठला घरी जायला मिळावे या बोलीवर गणपतीचे पाच दिवस आपणहून घेतले. यादी माझ्या मनातल्या यादीपेक्षा वेगळी झाली आणि अधिक चांगली झाली. तेव्हा मला स्पष्ट जाणवले, की खाटेपाशी विद्यार्थ्याचा हात बाजूला न सारणे आणि तरुण सहकाऱ्याच्या हातून काम काढून न घेणे हे एकच कौशल्य आहे. दोन्हीकडे जवळ उभे राहायचे असते, डोळे उघडे ठेवायचे असतात आणि रुग्णाला इजा होण्याची शक्यता दिसली, तर क्षणात पुढे यायचे असते. हे न करता नुसते काम सोपवून निघून जाणे हा आळस आहे आणि त्याला विश्वास म्हणणे चुकीचे आहे.

या कामात वॉर्डाच्या सिस्टरांचा वाटा मोठा आहे. पंचवीस वर्षे एकाच वॉर्डात काढलेल्या सिस्टर इनचार्जना नवा 'सर' पहिल्याच दिवशी ऑर्डर सोडू लागला, तर त्या ऑर्डर पाळल्या जातात, पण त्याला जे कळायला हवे ते कोणी सांगत नाही. म्हणून रुजू झाल्यावर पहिली सकाळ सिस्टरांसोबत घालवावी, मावशी आणि मामांची नावे माहीत करून घ्यावीत, असे मी प्रत्येकाला सांगते. काहींना ते कमीपणाचे वाटते आणि त्याचे मला दुःख होते.

मृत्यूंच्या मासिक बैठकीत तर नेतृत्वाचा कस सर्वांत जास्त लागतो. एकदा एका रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीवर गेल्याचे प्रयोगशाळेने मध्यरात्री वॉर्डात फोनवर कळवले होते. फोन उचलला गेला होता, पण निरोप डॉक्टरापर्यंत पोहोचला नव्हता. बैठकीत पहिला प्रश्न 'कोणी उचलला?' असा आला असता, तर तिथेच सगळे संपले असते. त्या दिवशी बैठक आमच्या तरुण सहकाऱ्याने चालवली. त्याने विचारले, "निरोप आला तेव्हा तो लिहून ठेवायला फोनजवळ काय होते?" काहीच नव्हते. आज त्या फोनपाशी दोरीने बांधलेली एक वही आहे. आकडा लिहायचा, प्रयोगशाळेला तो परत वाचून दाखवायचा आणि कोणाला कळवले त्याचे नाव आणि वेळ नोंदवायची. गेलेला माणूस परत आला नाही. त्याच्या नातेवाइकांना काय घडले ते सांगायला रेसिडेंटला पुढे न करता तो स्वतः गेला, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

तीन दिवसांच्या कार्यशाळेने एवढे सगळे होत नाही. प्रमाणपत्र फायलीत जाते, सोमवारी पुन्हा शंभर रुग्णांची ओपीडी असते आणि चांगले शिकवल्याबद्दल कोणी काही विचारत नाही. म्हणून गेल्या वर्षापासून आम्ही आमच्यापुरती एक साधी प्रथा पाडली आहे. दोघादोघांची जोडी करायची, महिन्यातून एकदा एकाने दुसऱ्याच्या वर्गात किंवा क्लिनिकमध्ये वीस मिनिटे मागे बसायचे आणि नंतर चहा घेताना दोनच गोष्टी सांगायच्या: एक जमलेली, एक राहून गेलेली. त्याची नोंद वरिष्ठांकडे जात नाही. पदाचा विचार न करता चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरतात. या सहामाहीत माझी जोडी नेमकी त्याच्याशी पडली.

गेल्या मंगळवारी तो माझ्या लेक्चरला शेवटच्या बाकावर वही घेऊन बसला होता. विषय यकृताच्या सिरोसिसचा होता. चहाच्या वेळी तो थोडा घुटमळला, वही उघडली, बंद केली. मी त्याच्याकडे पाहत राहिले आणि बोलले नाही. मग तो म्हणाला, "मॅडम, जलोदराचे कारण तुम्ही रुग्णाच्या गोष्टीतून उलगडलेत, ते मुलांना भिडले, मागची मुलेसुद्धा लिहीत होती. पण पाणथरी का वाढते, हे तुम्ही विचारलेत तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात अर्धा वर केला होता. तुम्ही उत्तर दिलेत आणि तिने तो खाली घेतला."

मला तो हात दिसला नव्हता. ती मुलगी कोणत्या बाजूला बसली होती, हे मी त्याला विचारून घेतले. येत्या मंगळवारी त्याच विषयाचा उरलेला भाग आहे आणि मी त्याला पुन्हा मागे येऊन बसायला सांगितले आहे.